बिल कुणाच्या दारात थांबतं?



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय भारदस्त असावा अशी अपेक्षा असते. लोकशाहीचं भवितव्य, समाजाची वाटचाल, असं काहीतरी. मी मात्र आज एका दरपत्रकावर बोलणार आहे. कामावर जखमी झालेल्या माणसावर उपचार केले, तर डॉक्टरला आणि रुग्णालयाला पैसे किती द्यायचे हे ठरवणारं दरपत्रक. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं दरपत्रक असतं आणि त्यावरून तिथली न्यायालयं वर्षानुवर्षं गजबजलेली आहेत. डॉक्टर भांडतात, रुग्णालयं भांडतात, विमा कंपन्या भांडतात, हेलिकॉप्टर उडवणाऱ्या कंपन्यासुद्धा भांडतात. ज्याचा हात यंत्रात गेला, तो मात्र बहुतेक वेळा त्या दालनात नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुणाचा डोळा लागला तरी फार नुकसान व्हायला नको. उपचाराचा दर वाजवी आहे की नाही, हे मी दोन प्रश्नांवर तपासतो. त्या दरामुळे बिल फिरून कामगाराच्या दारात येतं का? आणि त्या दरात डॉक्टर आपलं दार त्याच्यासाठी उघडं ठेवतो का? आकडा कितीही शास्त्रशुद्ध असो, या दोन प्रश्नांत नापास झाला तर तो नापासच.

चार मुद्दे मांडतो. मुळातला सौदा काय होता, दरपत्रक का आलं, त्याच्यावरचे खटले काय सांगतात, आणि आपल्याकडे काय आहे.

पहिला मुद्दा सौद्याचा. सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी त्यातूनच पुढे आली हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिची आठवण कमी निघते. काम करताना जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर उपजीविकेची तजवीज व्हावी. १८८४! जर्मनीत बिस्मार्कचा अपघात विम्याचा कायदाही त्याच वर्षीचा. भायखळ्याच्या कामगाराला काय हवं आहे, हे त्याला बर्लिनहून कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेत त्या काळी काय चाललं होतं? जखमी कामगारानं मालकावर दावा लावायचा, आणि मालकाच्या वकिलाच्या भात्यात तीन बाण ठरलेले. चूक तुझ्या सोबत्याची आहे, माझी नाही. तूसुद्धा थोडा निष्काळजी होतास. आणि धोका माहीत असूनच तू कामावर आलास. या तिन्हींतून वाचून जो पलीकडे जाई, त्याला पैसे मिळत. बाकीचे रिकाम्या हातानं घरी.

न्यूयॉर्क राज्यानं १९१० मध्ये हे बदलणारा कायदा केला. चूक कुणाचीही असो, धोक्याच्या कामात इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. चूक नसताना मालकाचे पैसे घेणं म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं गेली, बहुतेक स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली. योगायोगच, पण इतका क्रूर योगायोग कायद्याच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. त्यानंतर राज्यानं स्वतःची घटना दुरुस्त केली, नवा कायदा आणला, आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. खटला एका रेल्वे कंपनीच्या पहारेकऱ्याच्या विधवेचा होता.

न्यायालयानं काय पाहिलं? इथे सौदा आहे. कामगार दावा लावायचा हक्क सोडतो. मोठी रक्कम मिळण्याची शक्यता सोडतो. मालक 'माझी चूक नव्हती' हा बचाव सोडतो. बदल्यात कामगाराला ठरलेली भरपाई आणि उपचार मिळतात, तेही खात्रीनं आणि लवकर. मात्र न्यायालयानं एक दार किलकिलं ठेवलं: भरपाई अगदीच क्षुल्लक असेल तरी ती चालेल, असं आम्ही म्हणत नाही. हे वाक्य लक्षात असू द्या. कारण कामगारानं आपलं हत्यार १९१७ मध्येच खाली ठेवलं आहे. ते परत मिळणार नाही. मग बदल्यात मिळालेल्या उपचारातून जरा जरा कापत गेलं, तर सौद्यात उरलं काय?

आता दुसरा मुद्दा. दर ठरवायची गरजच का पडली? साध्या आजारात माणूस थोडे पैसे स्वतःच्या खिशातून देतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात जखमी कामगारानं एक पैसाही द्यायचा नसतो. सौदाच तसा आहे. म्हणजे उपचार घेणारा एक, उपचार किती करायचे ते सांगणारा दुसरा, पैसे मोजणारा तिसरा. लग्नात पंगत वरपक्षाची, यादी आचाऱ्याची आणि पाकीट वधूपित्याचं असलं तर काय होतं, ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. १९८० च्या दशकात तिथल्या नुकसानभरपाई विम्यातला उपचाराचा खर्च झपाट्यानं वाढला. मालकांनी ओरड केली, विम्याचे हप्ते चढले आणि विधिमंडळांनी दराला लगाम घालायचं ठरवलं.

लगाम कुठून आणायचा? तयार माप होतं मेडिकेअरचं. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीच्या पुढच्या नागरिकांसाठीची केंद्र सरकारची योजना. १९९२ पासून तिनं डॉक्टरच्या प्रत्येक कामाला गुण द्यायला सुरुवात केली. डॉक्टरचे श्रम किती, दवाखान्याचा खर्च किती, दाव्याची जोखीम किती, याची बेरीज करायची आणि एका रकमेनं गुणायचं. राज्यांना हे सोयीचं वाटलं. पेनसिल्व्हेनियानं १९९३ मध्ये ठरवलं, मेडिकेअरच्या ११३ टक्के. टेक्सासनं डॉक्टरांसाठी २००३ पासून १२५ टक्के. कॅलिफोर्निया २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं १२० टक्क्यांकडे गेलं.

आणि याच्याच जोडीला एक नियम आला, आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा. दरपत्रकाप्रमाणे पैसे मिळाले की उरलेली रक्कम डॉक्टरनं किंवा रुग्णालयानं कामगाराकडे मागायची नाही. पाच हजारांचं बिल केलंत आणि दोन हजार मिळाले, तर तीन हजार विसरा. कामगाराच्या दारावर जायचं नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या नियमात आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं काय? मेडिकेअरचं माप आहे वयस्कर, निवृत्त माणसांसाठी. प्रेसखाली बोटं गेलेला तिशीतला तरुण त्या मापात बसतो का? त्याला घरी पाठवून भागत नाही, कामावर परत पाठवायचं असतं. शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने व्यायाम, पुन्हा तपासणी, आणि प्रत्येक भेटीनंतर विमा कंपनीला अहवाल. तो कधी कामावर जाईल, किती वजन उचलू शकेल, हात किती टक्के निकामी झाला, हे सगळं डॉक्टरनं लिहून द्यायचं. दर फार कमी ठेवला तर डॉक्टर भांडत बसत नाही. तो एवढंच म्हणतो, 'नुकसानभरपाईचे पेशंट आम्ही घेत नाही.' झालं. कामगाराला कायद्यानं उपचाराचा हक्क आहे, पण उपचार करायला कुणी नाही.

म्हणून दर फार चढू द्यायचा नाही आणि फार पाडायचाही नाही. बोलायला सोपं आहे. हा मधला आकडा ठरवणार कोण, कशावरून, आणि पटला नाही तर दाद मागायची कुठे? इथून खटले सुरू होतात.

तिसरा मुद्दा, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. खटले पुष्कळ आहेत; मी चार निवडले, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

पहिली वाट: कारण द्या. टेक्सासच्या कामगार नुकसानभरपाई आयोगानं १९९२ मध्ये रुग्णालयांचे दर ठरवले. रुग्णालयांच्या संघटनेनं न्यायालयात आव्हान दिलं, आणि १९९५ मध्ये ऑस्टिनच्या अपील न्यायालयानं ते दर रद्द केले. दर कमी होते म्हणून? नाही. आयोगानं हेच आकडे का, याची तर्कशुद्ध कारणं नियमासोबत दिली नव्हती म्हणून. आपल्याला वाटेल, हा तांत्रिक मुद्दा झाला. रुग्णालयांनी पळवाट काढली. मला तसं वाटत नाही. सरकार आकडा जाहीर करतं तेव्हा त्याच्यामागचं गणित मागण्याचा हक्क डॉक्टरला असतो, विमा कंपनीला असतो आणि कामगारालाही असतो. गणित दाखवलंच नाही, तर दर कमी पडतोय की जास्त होतोय हे तपासणार कसं? रुग्णालयं इथे स्वतःच्या पैशांसाठी लढली, हे खरं. त्यांच्या विजयातून सगळ्यांना उपयोगी पडेल असा दंडक निघाला, हेही तितकंच खरं.

दुसरी वाट: नियम वाचायचा कसा? त्याच टेक्सासनं १९९७ मध्ये नवे दर आणले, या वेळी कारणांसह. रुग्णालयाला दिवसाप्रमाणे ठरावीक रक्कम: शस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी दिवसाला १,११८ डॉलर. पण एखादा रुग्ण खरोखरच अतिखर्चिक निघाला तर? त्यासाठी सोय ठेवली: तपासलेलं बिल ४०,००० डॉलरच्या वर गेलं, तर दिवसाचा हिशेब सोडून बिलाच्या ७५ टक्के द्यायचे. हेतू चांगलाच.

आता जरा गणित करू. इम्प्लांट वगैरे बाजूला ठेवा. पाच दिवस राहिलेल्या रुग्णाचं बिल ३९,००० झालं, तर रुग्णालयाला पाच दिवसांचे मिळून ५,५९० डॉलर. तेच बिल ४१,००० झालं, तर ३०,७५०. दोन हजारांच्या फरकानं पंचवीस हजारांची उडी! आणि छापील बिलातल्या किमती ठरवतं कोण? रुग्णालयच. कुंपण कुठे आहे ते सांगून ठेवलं की बैल तिथूनच उडी मारतो. वादांचा ढीग साचला. शेवटी २००८ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की नुसता ४०,००० चा आकडा ओलांडून चालणार नाही, उपचारही असाधारण खर्चिक आणि असाधारण व्यापक होते हे दाखवावं लागेल. त्याच वर्षी टेक्सासनं रुग्णालयांसाठीही मेडिकेअरवर आधारलेलं माप लागू केलं. यातून मी घेतलेला धडा असा: दरपत्रकात जिथे एकदम पायरी ठेवाल, तिथे खटला उभा राहील.

तिसरी वाट, आणि इथे एकदाचा कामगार स्वतः न्यायालयात दिसतो. पेनसिल्व्हेनियाच्या १९९३ च्या कायद्यात दराबरोबरच आणखी एक कलम होतं. एखादा उपचार गरजेचा आहे का, अशी शंका विमा कंपनीला आली, तर ती तपासणी मागवू शकते आणि निकाल लागेपर्यंत त्या उपचाराचे पैसे रोखून धरू शकते. कामगारांनी आणि त्यांच्या बाजूच्या संघटनांनी विचारलं: आमचं म्हणणं न ऐकता पैसे थांबवणं हे घटनेत बसतं का? प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च १९९९ मध्ये निकाल आला, मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचा. एक, विमा कंपनी खासगी आहे. तिनं पैसे रोखले म्हणजे सरकारनं रोखले असं होत नाही. दोन, कायदा 'वाजवी आणि आवश्यक' उपचाराचं वचन देतो. उपचार तसा आहे हे ठरेपर्यंत त्या पैशांवर कामगाराचा मालमत्तेसारखा हक्क निर्माणच होत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं निकाल काटेकोर आहे. पण जरा रुग्णाच्या खाटेवर बसून वाचा. पाठीचं दुखणं आहे, फिजिओथेरपी चालू आहे, विमा कंपनीनं पैसे थांबवले. तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार. तेवढे दिवस फिजिओथेरपिस्ट फुकट काम करेल? पाठ निकालाची वाट बघत थांबेल? १९१७ च्या सौद्यात 'खात्रीनं आणि लवकर' असं होतं. १९९९ मध्ये त्यातला 'लवकर' गळून पडला.

चौथी वाट हेलिकॉप्टरची. ही कहाणी इतकी अजब आहे की कादंबरीत घातली तर संपादक परत पाठवेल.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात गाव आणि मोठं रुग्णालय यांत कित्येकदा खूप अंतर असतं. तेलविहिरीवर, शेतावर, महामार्गावर कामगार जखमी झाला की हवाई रुग्णवाहिका बोलवावी लागते. बोलावतो पोलीस किंवा डॉक्टर. बेशुद्ध माणूस भाव करू शकत नाही. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं सांगितलं की २०१७ मध्ये हेलिकॉप्टरच्या एका फेरीचं मध्यक बिल सुमारे ३६,४०० डॉलर होतं. राज्यांनी नुकसानभरपाईच्या दरपत्रकात याचाही दर ठरवला. हवाई कंपन्यांनी हात वर केले आणि १९७८ चा एक कायदा पुढे ठेवला.

१९७८ चा कायदा कशाचा? विमान प्रवासाच्या तिकिटांचा! सरकारनं विमानभाडं ठरवणं बंद करावं, कंपन्यांत स्पर्धा होऊ द्यावी, यासाठी केलेला. त्यात एक कलम आहे की हवाई वाहतूक कंपनीच्या किमती, मार्ग किंवा सेवा यांच्याशी संबंधित कायदा कोणत्याही राज्यानं करायचा नाही. रुग्णवाहिका कंपन्या म्हणाल्या, आमच्याकडे हवाई वाहतुकीचा परवाना आहे. आम्ही हवाई कंपनी. तुमचं दरपत्रक आम्हाला लागू नाही.

म्हणजे सुट्टीसाठी मियामीला जाणाऱ्याचं तिकीट स्वस्त व्हावं म्हणून केलेला कायदा, विहिरीवर पाय चिरडलेल्या कामगाराच्या बिलाला लागू झाला. तिकीट काढणारा चार कंपन्यांचे भाव बघतो. स्ट्रेचरवरचा माणूस कुठली स्पर्धा बघणार?

वायोमिंगमध्ये कामगारांचा विमा राज्य सरकार स्वतःच चालवतं. तिथे हेलिकॉप्टरसाठी कमाल दर होता ३,९००.६६ डॉलर. सहासष्ट सेंटपर्यंत हिशेब! २०१७ मध्ये दहाव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयानं सांगितलं, हा दर लागू करता येणार नाही. मग राज्यानं पूर्ण बिल भरायचं का? न्यायालय म्हणालं, तसा आदेशही आम्ही राज्याला देऊ शकत नाही. मर्यादा गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. पुढच्याच वर्षी चौथ्या विभागानं वेस्ट व्हर्जिनियाचा दरही असाच बाजूला सारला.

खरा तिढा टेक्सासमध्ये पडला. तिथे ३३ फेऱ्यांच्या बिलांवरून एक हवाई कंपनी आणि विमा कंपन्या भांडल्या. विमा कंपन्या म्हणाल्या, मेडिकेअरच्या १२५ टक्के. सुनावणी घेणारा प्रशासकीय न्यायाधीश म्हणाला, १४९ टक्के. एक न्यायालय म्हणालं १२५, वरचं न्यायालय म्हणालं की राज्याला दर ठरवायचा अधिकारच नाही. जून २०२० मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: विमान कायदा आड येत नाही, राज्याचा 'न्याय्य आणि वाजवी' दराचा नियम चालेल. वाटलं, वाद मिटला. ऑगस्ट २०२१ मध्ये पाचव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयानं, याच टेक्सासच्या याच नियमांबद्दल, याच कायद्याचं कलम वाचून नेमका उलटा निकाल दिला: विमान कायदा आड येतो.

एकच राज्य, एकच नियम, एकच कलम, चौदा महिन्यांचं अंतर आणि दोन उलटे निकाल. वकिलाला विचारा, तो तुम्हाला राज्य न्यायालय आणि केंद्रीय न्यायालय यांतला फरक तासभर समजावून सांगेल. कामगाराला विचारा, तो विचारेल, मला कुणी बिल पाठवणार आहे का? आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे. कारण केंद्रीय न्यायालयातल्या त्या लढाईत हवाई कंपनीनं नुसत्या दराला आव्हान दिलं नव्हतं. उरलेली रक्कम कामगाराकडे मागायची नाही, या बंदीलाही दिलं होतं. दरावरचा हल्ला दारापर्यंत पोचतो, तो असा.

आणखी एक. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसनं अनपेक्षित बिलांपासून संरक्षण देणारा कायदा केला. १ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे आणि हवाई रुग्णवाहिकाही त्यात आहेत. पण तो आरोग्य विम्याच्या रुग्णांसाठी आहे. नुकसानभरपाईचा विमा त्याच्या बाहेर राहिला.

चारही खटले एका ओळीत ठेवून बघा. रुग्णालय विरुद्ध आयोग. रुग्णालय विरुद्ध विमा कंपनी. हवाई कंपनी विरुद्ध राज्य. एकदाच कामगार स्वतः उभा राहिला, आणि तो हरला. प्रत्येक निकाल पैशांच्या वाटणीबद्दल बोलतो, आणि प्रत्येक वाटणीचा परिणाम तिसऱ्याच माणसावर होतो.

चौथा मुद्दा: आपण. हे सगळं ऐकताना तुमच्यापैकी कुणाला वाटलं असेल, बरं झालं बुवा, आपल्याकडे ही भानगड नाही. खरंच नाही. आपल्याकडे त्याच्या उलटी भानगड आहे.

आपला कामगार नुकसानभरपाई कायदा मूळचा १९२३ चा. मृत्यू आला किंवा अपंगत्व आलं, तर रक्कम किती याचं सूत्र त्यात होतं. उपचाराचा खर्च? तो नव्हताच. २००९ च्या दुरुस्तीनं तो आला, १८ जानेवारी २०१० पासून. कामावर झालेल्या इजेच्या उपचारासाठी कामगारानं प्रत्यक्ष केलेल्या वैद्यकीय खर्चाची परतफेड त्याला मिळेल, एवढं एक वाक्य. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसंच पुढे आलं. ११३ टक्के नाही, १२५ टक्के नाही, मर्यादाच नाही. जेवढा खर्च तेवढी परतफेड. पेनसिल्व्हेनियाच्या डॉक्टरला हे सांगितलं तर तो म्हणेल, स्वर्गच की!

पण परतफेड कुणाला मिळते? ज्यानं आधी पैसे भरले त्याला. आधी भरणार कोण? चाकणला, भोसरीला, वाळूजला ठेकेदारामार्फत लागलेला मुलगा, महिन्याचा पगार महिन्यातच संपणारा. रुग्णालय अनामत रक्कम भरायला सांगतं. गावाकडून पैसे येतात, दागिना गहाण पडतो, सावकार उभा राहतो. मग प्रत्येक औषधाची पावती जपायची, प्रत्येक चाचणीचं बिल जपायचं, आणि परतफेडीसाठी अर्ज करायचा. मालक म्हणणार, एवढा खर्च गरजेचाच नव्हता. विमा कंपनी म्हणणार, पॉलिसीत वैद्यकीय खर्चाची जोड घेतलेली नाही, किंवा घेतली आहे पण मर्यादा इतकीच. अमेरिकेत विमा कंपनी आणि रुग्णालय एकमेकांशी भांडतात. आपल्याकडे तीच भांडणं कामगारानं लढायची, तीही कर्ज काढून.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांचं बरं आहे. तिथे उपचाराआधी पैसे भरावे लागत नाहीत. पण तिची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. त्याच्या वर पगार गेला, किंवा नाव नोंदलंच गेलं नाही, की माणूस बाहेर. या योजनेशी जोडलेल्या खासगी रुग्णालयांना केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे दर मिळतात. त्यातल्या बहुतांश उपचारांचे दर २०१४ पासून दशकभर हलले नव्हते. मोठी सुधारणा २०२५ मध्ये झाली. दहा वर्षं जुन्या दरात रुग्णालय दार किती उघडं ठेवेल? अमेरिकेत ज्या प्रश्नावर खटले झाले, तो इथे खटल्याशिवाय सुटतो: 'खाट रिकामी नाही' या तीन शब्दांत.

दर ठरवण्याचा सरकारचा अधिकारही आपल्याकडे वादात आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची परतफेड ठरावीक दरापर्यंतच करण्याचं पंजाब सरकारचं धोरण सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये मान्य केलं. पण स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी पैसे किती देऊ हे सांगणं वेगळं, आणि खासगी रुग्णालयानं इतरांकडून किती घ्यावेत हे सांगणं वेगळं. कोविडच्या काळात महाराष्ट्र सरकारनं दुसरं करून पाहिलं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की कोविड नसलेल्या रुग्णांचे खासगी रुग्णालयांतले दर सरकारला असे ठरवता येणार नाहीत. तेव्हा उद्या आपण कामगारांच्या उपचाराचं दरपत्रक आणू म्हटलं, तर पाया पक्का लागेल. स्पष्ट कायदा लागेल. नुसत्या अधिसूचनेवर उभं केलेलं दरपत्रक पहिल्याच सुनावणीत कोसळेल.

आणि तरीही मी म्हणतो, आणा. कारण आपण एक गोष्ट नुकतीच करून दाखवली आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं रस्ता अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचाराची योजना अधिसूचित केली: दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस. जरा विचार करा. विमा योजनेबाहेरचा कामगार कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रकखाली आला तर त्याला कॅशलेस उपचार. तोच कामगार फाटकाच्या आत प्रेसखाली सापडला तर आधी पैसे भर, मग पावत्या घेऊन ये. फाटकाच्या आत आणि बाहेर रक्त वेगळं असतं का?

मग काय करावं? अमेरिकेच्या खटल्यांतून मी चार गोष्टी उचलतो. एक: कामावरच्या अपघातातही उपचार कॅशलेस असावा, पैशाचं भांडण नंतर मालक, विमा कंपनी आणि रुग्णालय यांनी आपसात करावं, आणि ते चालू असताना उपचार थांबू नये. दोन: दर कायद्यानं ठरवावा, मागचं गणित छापावं आणि दरवर्षी तपासावं. हाताच्या शस्त्रक्रियेचा दर कामावर परत जाण्याच्या हिशेबानं ठरवावा, दुसऱ्या योजनेचा आकडा उचलून नव्हे. तीन: एकदम उडी मारणारी पायरी त्यात नको. चार: फरकाची रक्कम कामगाराकडून घेण्यावर स्पष्ट बंदी असावी, आणि दर ठरवणाऱ्या समितीत कामगारांचा प्रतिनिधी मतासह असावा.

कायदा होईल तेव्हा होईल. उद्या करता येण्यासारखं एक काम तुमच्याकडे आहे. या सभागृहात कारखानदार आहेत, सीए आहेत, युनियनचे लोक आहेत. आपल्या कारखान्याची नुकसानभरपाई विम्याची पॉलिसी काढा आणि तिच्यात वैद्यकीय खर्चाची जोड आहे का, मर्यादा किती, ठेकेदाराची मुलं तिच्यात धरली आहेत का, हे वाचा. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येत नाही. १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्येच ते लिहून ठेवलं होतं. पॉलिसीत ती नावं नसतील, तर पुढच्या अपघाताचं पहिलं बिल कोण भरणार, हे आजच कागदावर लिहून त्याखाली सही करा. युनियनवाल्यांनी ती सही मागून घ्यावी.

आता प्रश्न विचारा. डॉक्टर मंडळींनी आधी विचारले तर मला आवडेल.